विहिरीतला दिवा

मलकापूरपासून दोन कोसांवरच्या टाकळीत इंग्रजी होती ती एकाच घरात, आणि तीही एवढ्या मोठ्या आवाजात की वेशीवरच्या कुत्र्यांनाही तिची सवय होऊन गेली होती. सकाळी गुरं सुटली की कारभारी पाटलांचा थोरला मुलगा रंगराव ओसरीवर सतरंजी टाकायचा, मांडी ठोकायचा आणि सुरू व्हायचा. नाऊन, प्रोनाऊन, व्हर्ब. पुन्हा नाऊन. मग एखादं वाक्य धरायचा आणि सोयरीक जमवायला निघालेल्या माणसासारखी त्यातल्या शब्दाशब्दाची जात विचारायचा. आपणच विचारायचा, आपणच सांगायचा. रस्त्यानं जाणारे थांबायचे, मान डोलवायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जो जोरात वाचतो तो हुशार, अशी गावाची साधी समजूत होती, आणि त्या समजुतीनं रंगरावाच्या तोडीचा तालुक्यात कोणी नव्हता.

मॅट्रिकला तो एकदा बसून आला होता. बाकीचे विषय सुटले, इंग्रजीनं दगा दिला. नागपूरच्या निकालात नाव नाही म्हटल्यावर मलकापूरची खोली सोडून ट्रंक घेऊन तो घरी आला. वर्षभर घरी बसून ग्रामर आणि रीडर घोटायचं आणि मग पुन्हा शाळेत मॅट्रिकच्या वर्गात जाऊन बसायचं, असं ठरलं. टाकळीत तेव्हा मॅट्रिक झालेला एकही माणूस नव्हता. पहिला मान आपला, हे रंगरावानं मनाशी इतकं पक्कं केलं होतं की बायकोनं, कोकिळेनं, "अजून एक भाकर वाढू का?" असं विचारलं तरी त्याला वाटायचं, मॅट्रिकवाल्याच्या बायकोनं जरा अदबीनं विचारावं.

रंगरावाचा धाकटा भाऊ उत्तम. गावच्या मराठी शाळेत चार बुकं शिकून शेतात लागलेला, नुकतं मिसरूड फुटलेला, बोलायला कमी. शेतातलं काम आटोपलं की तो ओसरीवर येऊन रंगरावाच्या समोर बसायचा आणि अंबाडीचे दोर वळायचा. समोर, म्हणजे सतरंजीच्या बाहेर, सारवलेल्या भुईवर. कारभारींच्या घरात थोरल्याच्या बैठकीवर शेजारी धाकट्यानं बसायचं नाही, असा नेमच होता. थोरला ताटावरून उठेपर्यंत धाकट्यानं हात धुवायचा नाही आणि थोरला बोलत असला की मध्ये तोंड घालायचं नाही. उत्तमनं हे सगळं मुकाट्यानं पाळलं. दोघांच्या मध्ये एक पाट असायचा, पाटावर रीडर, रंगरावाकडे तोंड करून. पुस्तक एकच होतं आणि ते रंगरावाचं होतं, तेव्हा ते दुसऱ्या कुणाकडे तोंड करून ठेवायचं काही कारणच नव्हतं.

आता या ओसरीवर आणखी एक माणूस येऊन बसत असे, त्याची ओळख करून दिली पाहिजे. अब्दुल गनी. मलकापूर स्टेशनावर जन्मभर पार्सलबाबू राहिलेले, म्हातारपणी टाकळीत बहिणीकडे येऊन राहिलेले. त्यांची इंग्रजी गोऱ्या साहेबांची बोलणी खाऊन तयार झालेली, म्हणून गाव तिला मान देई. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उर्दूचं एक जुनं बुक ते डोळ्यांना भिडवून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत कसंबसं वाचत, पण इंग्रजीची बारीक अक्षरं त्यांना दिसत नसत. खांबाला टेकून नुसतं ऐकायचे, आणि वाचणारा चुकला की काठी आपटायचे.

त्या दिवशी धडा दीपगृहाचा होता. समुद्राच्या काठी उंच मनोरा, त्यात दिवा, तो पाहून जहाजं वाट काढतात. टाकळीतल्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. पुस्तकात चित्र एकच, तेही याच धड्यावर: नुसता गोल दगडी मनोरा, काळ्या शाईत गिचमिड छापलेला. रंगराव धडाधड निघाला होता तो एका लांबलचक शब्दावर जाऊन अडकला. काठी आपटली. त्यानं दुसऱ्या तऱ्हेनं म्हणून पाहिलं. पुन्हा काठी. तिसऱ्यांदा तो घसा खाकरत होता, तेवढ्यात समोरून, मांडीवरचा दोर न थांबवता, उत्तमनं तो शब्द म्हटला. आणि शब्द म्हणता म्हणता वाक्यही पुरं करून टाकलं.

"ये कौन बोला?" गनीमियांनी मान वर केली.

रंगराव नुसती पानं चाळू लागला. मग आतून कोकिळाच म्हणाली, "भाऊजी हायेत, चाचा."

"उत्तम? बेटा, पढ़ आगे."

उत्तमनं आधी रंगरावाकडे पाहिलं. चारचौघांसमोर नाही कसं म्हणायचं? रंगरावानं मान हलवली आणि उत्तमनं पान शेवटापर्यंत वाचलं. आवाज हळू, घाई नाही. काठी जागची हलली नाही.

"रंगराव," गनीमिया म्हणाले, "तू पढ़ता है जैसे ढोल बजाता है. तुह्या भावाचं ऐक जरा. तो समजून वाचून राह्यला."

झालं! रंगरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. हेवा ही चीज अशी आहे की ती दूरच्या माणसाच्या वाट्याला फारशी जात नाही. कलेक्टर इंग्रजी बोलतो म्हणून कुणाच्या पोटात दुखत नाही. ती डसते आपल्याच ताटाशेजारच्या ताटावरच्या माणसाला पाहून. रंगरावाला त्या दिवसापासून उत्तमचं सगळं खुपू लागलं. त्याचे दोर बारीक आणि एकसारखे का होतात, बैल त्याच्या हाकेला का थांबतात, आईनं त्याच्या भाकरीवर लोणी जास्त का ठेवलं. रीडर तो ट्रंकेत कुलूप लावून ठेवू लागला आणि किल्ली करदोट्याला बांधू लागला. गनीमिया यायची वेळ झाली की त्याला नेमकी तहान लागायची आणि उत्तमला विहिरीवर पाठवायचा. आणि जेवताना! जेवताना तो एकेक घास असा चघळायचा की समोर उत्तमचा हात ताटावर वाळून कडक व्हायचा. नेम म्हणजे नेम. धाकटा उठायचा नाही आणि थोरला हळूहळू ताक प्यायचा.

तरी वाचायला बसलं की उत्तम समोर हजर. त्याला हाकलायला कारण सापडेना, कारण दोर तर वळायलाच पाहिजेत.

उन्हाळा सरत आला तशी गनीमियांनी कारभारींच्या कानावर गोष्ट घातली. "पाटील, धाकट्याले बी शिकवा. शाळेत टाका, दोन-चार वर्षांत मॅट्रिक होईल. अल्ला ने दिमाग दिया है."

कारभारींनी तंबाखू मळत पुष्कळ विचार केला. मग दोन्ही मुलांना समोर बोलावलं. "हे पाहा, शेत काही आपल्या आपण पिकत नाही. एक जन मलकापूरले राह्यन आणि शिकन, दुसरा नांगर धरन. म्या अडाणी माणूस, मले तुमच्यातलं काही समजत नाही. हेडमास्तर दोघाईचं वाचणं ऐकतीन. ते ज्याचं नाव घेतीन तो शाळेत. मंग मले कोनी बोलाचं नाही."

रंगरावाच्या पायाखालची जमीन सरकली. शाळेचं दार आपल्यासाठी उघडंच आहे अशा भरवशावर तो होता, आणि आता त्या दारात हा दोरवळ्या उभा!

मलकापूरला गेले दोघं बैलगाडीनं. हेडमास्तर पुण्याकडचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शाळा उघडायच्या आधीच्या गडबडीत. त्यांनी रंगरावाच्याच हातातलं रीडर मागून घेतलं, उघडलं तो दीपगृहाचाच धडा निघाला. रंगरावानं वाचला. खिडकीवरचं कबूतर उडून गेलं.

"आवाज आहे," हेडमास्तर म्हणाले. "उच्चार सुधारावे लागतील. बरं, तुम्ही."

उत्तमनं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि उलटं केलं. मनोऱ्याचं टोक खाली, पाया वर. मग पानाच्या उजव्या कडेला बोट ठेवून तो डावीकडे जात वाचू लागला.

पहिलं वाक्य पुरं होतं न होतं तोच हेडमास्तरांनी चष्मा काढला. शेजारी बसलेले एक शिक्षक फिसकन हसले. "अहो, उलटं धरलंय पुस्तक! पोपट आहे हा. धडा पाठ करून आलाय, अक्षरओळखसुद्धा नाही."

"असले फार येतात," हेडमास्तर वैतागून म्हणाले. "कुणी पढवलं तुला हे?"

"थोरल्या दादानं," उत्तम म्हणाला. ते म्हणताना त्याची छाती जराशी पुढे आली होती. लोक का हसले ते त्याला कळलंच नव्हतं.

रंगरावाला मात्र कळलं होतं. पुस्तक फिरलं त्याच क्षणी कळलं होतं. पाट, सतरंजी, समोरची सारवलेली भुई, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं: सर, याला दुसरं एखादं पान देऊन पाहा. एवढं एक वाक्य. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण जिभेच्या मागं गनीमियांची न आपटलेली काठी होती, लोण्याचा गोळा होता आणि नांगर होता. सुंठेवाचून खोकला जात असताना सुंठ उगाळायला कोण बसतो? रंगराव खाली मान घालून उभा राहिला.

"हे रंगराव येऊ देत," हेडमास्तरांनी निकाल दिला.

परतताना गाडी उत्तमच हाकत होता. बरंच अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, "दादा, माह्या वाचण्यात काय चुकलं?"

"लय बारीक गोष्टी असतात बे त्या," रंगराव म्हणाला. "तुले नाही समजणार."

"बरं झालं पण," उत्तम म्हणाला. "तुमचं झालं ना!" आणि त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या बोलण्यात कुसळाएवढंही वाकडं नव्हतं, आणि तेच रंगरावाला सगळ्यात जास्त बोचलं. हरलेल्या माणसानं निदान चिडावं तरी!

दुसऱ्या दिवशी घरात आनंदच होता. आईनं सकाळीच पुरणाची डाळ शिजत घातली. रंगराव ओसरीवर बसला, रीडर उघडलं, आणि समोर उत्तम नेहमीसारखा दोर घेऊन येऊन बसला. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायची हुक्की येते, तशी रंगरावाला आली.

"घे बे," तो म्हणाला. "आज तू धर पुस्तक. म्या तं आता जाऊनच राह्यलो." आणि त्यानं पाटावरचं रीडर फिरवून उत्तमकडे केलं.

उत्तम वाचेना. तो नुसता त्या चित्राकडे पाहत राहिला. मग त्यानं मनोऱ्यावर बोट ठेवलं.

"दादा, हे उभं हाये?"

"मंग काय आडवं राह्यन?"

"म्या तं विहीर समजत होतो. गोल, दगडानं बांधलेली, आणि पार तळाशी दिवा ठेवलेला. तुमी अर्थ सांगत होते ना, उंच म्हणून, तं म्या म्हणलं इंग्रज लोक खोलालेच उंच म्हणत असतीन." तो स्वतःशीच हसला. मग अक्षरांकडे वळला, बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. ओठ हलले, पण शब्द निघेना. "नाही जमत, दादा. सारी अक्षरं पालथी झाली. गनीचाचाचं उर्दू उजवीकडून चालते ना, म्या म्हणलं इंग्रजीबी तशीच चालते."

रंगराव आता पाटाच्या दुसऱ्या बाजूनं त्या पानाकडे पाहत होता. सहज म्हणून त्यानं एक ओळ वाचायचा प्रयत्न केला. वर्षभर घोटलेला धडा, पण उताणे पडलेले किडे पाय हलवतात तशी अक्षरं नुसती वळवळत होती. एक शब्द लागेना. त्यानं डोळे बारीक केले, मान वाकडी केली. नाहीच.

ज्याचा आपण इतका हेवा केला, तो हे असं वाचत होता. इथून. आणि आपल्याला सरळ पुस्तकातून जे जमलं नाही, ते याला इथून जमलं. आता कुणाला वाटेल की रंगरावाचा हेवा इथं गळून पडला असेल. छे! तो दुप्पट झाला. आधी त्याला वाटायचं उत्तम आपल्याइतका हुशार असेल. आता कळलं की आपण त्याच्या पासंगालाही पुरत नाही. एवढं जळजळीत त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

उत्तमनं पुस्तक हळूच उचललं आणि पुन्हा रंगरावाकडे तोंड करून ठेवलं. "राहू द्या दादा. तुमच्याकडंच बरं दिसते मले. तुमी वाचा."

उंबऱ्यात कोकिळा सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "पुस्तक फिरवाले एक वर्ष लागलं," ती सुपाला म्हणाली.

दुपारी ताटात पुरणपोळी होती. रंगराव ती नुसती कुस्करत होता. समोर उत्तम जेवून बसला होता, हात ताटावर धरून, भाऊ उठायची वाट पाहत. रंगरावानं त्या हाताकडे पाहिलं. पुरण बोटांवर वाळून पांढरं पडू लागलं होतं. पोळी अर्धी टाकून तो उठला.

"बैल जुप."

"कुठी जाचं, दादा?"

"मलकापूरले. सांगाचं राह्यलं काईतरी."

रस्ताभर त्याचं मन त्याला मागे ओढत होतं. हेडमास्तर गावाला गेले असतील तर बरं, गाडीचा आख मोडला तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं. आख मोडला नाही. हेडमास्तरही शाळेतच होते.

"सर," रंगराव शक्य तितक्या शुद्ध भाषेत म्हणाला, "काल एक गोष्ट सांगायची राहिली. घरी पुस्तक माझ्याकडे तोंड करून असायचं. हा समोर बसायचा. पाठ नाही केलेलं त्यानं. समोरून वाचायला शिकला."

हेडमास्तरांना पहिल्यांदा उमगेना. मग उमगलं तसे ते खुर्चीत सरळ बसले. "वर्षभर?"

"हो."

"आणि तुम्ही एकदाही फिरवून दिलं नाही?"

रंगरावाचा हात करदोट्याच्या किल्लीकडे गेला. उत्तम घाईघाईनं म्हणाला, "म्या मांगितलंच नाही, साहेब."

हेडमास्तरांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, दोघांनीही कधी न पाहिलेलं. मधलंच पान उघडलं आणि टेबलावर आपल्याकडे तोंड करून ठेवलं. उत्तमला पलीकडे उभं केलं. "वाच."

उत्तमनं रंगरावाकडे पाहिलं, जसं तो नेहमी पाहायचा. रंगरावानं मान हलवली. आणि उत्तम वाचू लागला, हळू, बोट उजवीकडून डावीकडे नेत. दोन ठिकाणी अडला, सावरला, पान संपवलं. खोलीत कुणी हसलं नाही. रंगरावानं पहिल्यांदा भावाचं वाचणं मध्ये तहान न लागता शेवटपर्यंत ऐकलं.

"सरळ वाचायला महिनाभरात शिकेल," हेडमास्तर म्हणाले. "खालच्या वर्गात बसवतो. मला दोघंही चालतील. पण तुमच्या वडिलांचा निरोप आहे की एकानंच यायचं. मग नाव कुणाचं लिहू?"

"दादाचं," उत्तम म्हणाला. "दादाचंच लिहा, साहेब. त्यायचं मॅट्रिक..."

"उत्तम!" रंगराव कडाडला. "थोरलं माणूस उभं हाये ना अठी? मंग मधी काऊन बोलतं बे?"

उत्तमचं तोंड मिटलं. नेम म्हणजे नेम.

"उत्तम कारभारी," रंगराव म्हणाला. "लिहा, सर." एवढ्या हळू आवाजात तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल.

पुढं उत्तम मॅट्रिक झाला, टाकळीचा पहिला. रंगरावानं नांगर धरला. निकालाच्या दिवशी त्यानं गावभर पेढे वाटले, आपण मात्र एकही खाल्ला नाही. दाढ दुखते म्हणाला. हेवा काही गेला नाही. उत्तमराव सुट्टीत घरी यायचे, सतरंजीच्या बाहेरच बसायचे, थोरला ताटावरून उठेपर्यंत हात धुवायचे नाहीत. रंगराव आता भराभर जेवायचा, घास नीट चावायचासुद्धा नाही.

गावात कुणी नवं माणूस आलं, उत्तमरावांची इंग्रजी ऐकून चकित झालं, कुठं शिकलात म्हणून विचारू लागलं, की ते दर वेळी एकच सांगायचे. तेच शब्द, तशीच जराशी पुढे आलेली छाती. "थोरल्या दादानं शिकवलं."

दुसरं काहीही रंगराव ऐकून घेई. एवढं एक वाक्य कानावर पडलं की तो हातातला दोर तसाच टाकून गोठ्याकडे निघून जायचा.